टोल्यांचं घड्याळ: घरी बांधणं आणि सांभाळणं (कोल्हापूर आणि आसपास)

लंबकवाला

टोल्यांचं घड्याळ कोल्हापुरात बसून, शून्यापासून बांधता येईल का, असं इथे दोघा-तिघांनी विचारलंय. येईल. शिवाजी उद्यमनगरात लेथ आहे, मिलिंग आहे, डिव्हायडिंग हेडवर (चाकाचा घेर सारख्या भागांत वाटणाऱ्या साधनावर) दाते पाडून देणारे आहेत, ओतकामाचं तर विचारायलाच नको. अडचण यंत्रांची नाही, सवयीची आहे. आपल्या वर्कशॉपांची जडणघडण ऑइल इंजिनांवर झाली. तिथे भाग घट्ट बसला की काम चांगलं. घड्याळात उलट. दोन प्लेटांमध्ये चाक बसवलं की ते नुसत्या फुंकरीने फिरलं पाहिजे आणि दांडी वर-खाली हलवल्यावर पाव मिलिमीटरभर टुकटुक झाली पाहिजे. हे टर्नरला सांगितलं की तो आधी ड्रॉइंगकडे बघतो, मग आपल्याकडे.

काय बांधायचं हे आधी ठरवा. समोरून बघितलं तर चावीची भोकं मोजली की कळतं. एक भोक म्हणजे नुसतं वेळेचं. दोन म्हणजे वेळ आणि तासाचे टोले. बहुतेकांत उजवं वेळेचं, डावं टोल्यांचं. तीन म्हणजे मध्ये वेळ, डावीकडे तासाचे टोले, उजवीकडे दर पंधरा मिनिटांची सुरावट. प्रत्येक भोकामागे चाकांची वेगळी रांग आणि वेगळी स्प्रिंग (किंवा वजन) असते. पहिल्याच फटक्यात तीन भोकांचं करायला जाणाऱ्यांची घड्याळं वर्षानुवर्षं कपाटात प्लेटांच्या अवस्थेत पडून असतात. माझं ऐकाल तर पहिलं घड्याळ वजनावर चालणारं, दोन रांगांचं करा. वजनाचा जोर पहिल्या दिवशी जेवढा तेवढाच आठव्या दिवशी. स्प्रिंगचं तसं नाही, आणि चुकून सुटलं तर वजन फार तर पायावर पडतं, स्प्रिंग बोटं फोडते.

गणित सोपं आहे. लंबक सुमारे ९९४ मिमी लांब धरला तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद लागतो. त्याला ३० दात्यांचं एस्केप चाक (लंबकाच्या झोक्यागणिक थोडं थोडं सुटणारं, रांगेतलं शेवटचं चाक) दिलं की ते मिनिटात एक फेरा पूर्ण करतं. मधलं चाक ६४ दात्यांचं, त्याला ८ चा पिनियन (लहान दातेरी चाक). पुढचं ६० चं, त्यालाही ८ चा पिनियन. ८ गुणिले साडेसात, साठ. मधल्या चाकाचा तासाला एक फेरा, एस्केप चाकाचे साठ. मधल्या चाकावर मिनिट काटा बसला, आता १ ला १२ या प्रमाणात तास काटा घ्यायचा. झालं घड्याळ. बाकी सगळी मेहनत घर्षण कमी करण्याची.

चाकांना ओतीव पितळ घेऊ नका, आत बारीक भोकं निघतात. कडक पितळी पत्रा घ्या. पिनियनला सिल्व्हर स्टील (नावातच चांदी, असतं पोलाद), कडक करून पॉलिश केलेलं.

त्रिज्या

मस्त धागा! मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दाते मिलिंगऐवजी वायरकटवर (विजेच्या ठिणगीने कापणाऱ्या तारेवर) कापले तर? आणि भोकांत बुशऐवजी (पितळी नळीऐवजी) छोटे बॉल बेअरिंग का नकोत?

लंबकवाला

वायरकट उत्तम. पत्रे एकावर एक ठेवून चार चाकं एकदम निघतात आणि कडा स्वच्छ येते. लेझरच्या मागे लागू नका, पितळ लेझर परतवतं आणि कडेला खडा राहतो. मात्र दात्याचा आकार गिअरबॉक्सवाला इन्व्होल्यूट देऊ नका. घड्याळात मोठं चाक लहान पिनियनला पळवतं आणि पिनियनला आठच पानं (त्याच्या दात्यांना पानं म्हणतात). इतक्या कमी पानांना इन्व्होल्यूट दाता मुळाशी पोखरला जातो. म्हणून घड्याळवाले सायक्लॉइडल आकार वापरतात.

बेअरिंग चालतात, पण आतलं ग्रीस धुवून काढावं लागतं, नाहीतर एस्केप चाकापाशी पोचणारा जेमतेम जोर ग्रीसच खातं. आणि धूळ शिरली की बेअरिंग काही सांगत नाही. बुश निदान अंडाकृती झालेलं डोळ्याला दिसतं.

अण्णा_मंगळवारपेठ

बांधायचं ऱ्हाऊ द्या, हाय ते चालू ठेवायचं सांगा की. आमच्या वडिलांच्या वेळचं अमेरिकन ॲन्सोनिया हाय. वेळ बरोबर दावतंय पण चार वाजता सात टोले देतंय. घरात पाहुणं आलं की हसत्यात. घड्याळजीकडं न्यावं म्हटलं तर महाद्वार रोडचा आमचा जुना माणूस आता दुकानात बसत नाही, पोरगं सेल बदलून देतंय फकस्त.

लंबकवाला

अण्णा, मोडलेलं काही नाही. ॲन्सोनियाच्या बऱ्याच जुन्या यंत्रांत टोले खाचांच्या चकतीवर मोजले जातात. चकतीच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा असतात. एक पट्टी खाचेत पडली की टोले थांबले. १ ते १२ ची बेरीज ७८, आणि अर्ध्या तासाचा एकेक धरला तर ९०. एवढे टोले झाले की चकतीचा एक फेरा पूर्ण. यात गोम अशी की काटे कुठे आहेत हे चकतीला ठाऊकच नसतं. मागच्या वेळी सहा वाजवले म्हणून आता सात, एवढंच तिला कळतं. टोल्यांची चावी आधी संपली आणि वेळेची चालू राहिली, किंवा कुणी मिनिट काटा उलटा फिरवला, की दोघांची फारकत.

उपाय यंत्र न उघडता होतो. तास काटा नुसता दाबून बसवलेला असतो. टोले सात झाले ना, मग तास काटा बोटाने अलगद सातवर न्या. मग मिनिट काटा पुढच्या दिशेनेच फिरवत खऱ्या वेळेला आणा. प्रत्येक अर्ध्याला आणि तासाला थांबून टोले पूर्ण वाजू द्यायचे. घाई केली की पुन्हा तेच.

आणि दोन्ही चाव्या एकाच दिवशी, पूर्ण. डावी अर्धीच देता का?

अण्णा_मंगळवारपेठ

डावी निम्मीच देतोय, लई दिली तर तुटंल म्हणून.

लंबकवाला

पूर्ण दिल्याने चांगली स्प्रिंग तुटत नाही. जुनं, घट्ट झालेलं तेल आणि गंज यांनी ती आतल्या आत चिकटते, आणि लोक म्हणतात चावी जास्त झाली. पूर्ण द्या, शेवटी हात हलका ठेवा.

माहेर_रंकाळा

माझ्या आईकडे जुनं जर्मन आहे, तबकडीवर युंगहान्स लिहिलेलं, दोन भोकांचं. भाचा लहान आहे, टोल्यांनी उठतो म्हणून आईने टोल्यांची चावी देणं बंद केलंय. तेव्हापासून घड्याळ रोज थांबतं, आणि गंमत म्हणजे नेहमी बारा ते एकच्या मध्येच. बाकी दिवसभर नीट चालतं. आई म्हणते घड्याळाला दुपारची वामकुक्षी लागते. रात्री आम्ही बघायला जात नाही 🙂

लंबकवाला

ताई, तुमच्या वर्णनातच निदान आहे. या घड्याळात टोले मोजायची पद्धत वेगळी. तास काट्याखाली एक चकती असते, कडेला बारा पायऱ्या. तिला स्नेल म्हणतात. टोल्यांची वेळ झाली की रॅक नावाची दातेरी पट्टी खाली पडते आणि तिची शेपटी स्नेलच्या पायरीवर टेकते. एकच्या पायरीवर जेमतेम पडते, बाराच्या पायरीवर सर्वात खोल. जेवढी खोल तेवढे दाते, तेवढे टोले. एकेक टोल्याबरोबर एकेक दाता वर उचलला जातो. ही युक्ती १६७६ च्या सुमारास एडवर्ड बार्लो या इंग्रज पाद्र्याने काढली. स्नेल काट्याबरोबरच फिरते, म्हणून इथे अण्णांच्या घड्याळासारखी फारकत होत नाही.

पण टोल्यांची चावी संपलेली असली तर बाराला रॅक खोल पडते आणि ती वर उचलायला कुणीच नसतं. स्नेल फिरत राहते. बारा आणि एकच्या मध्ये सर्वात खोल पायरीनंतर एकदम सर्वात उंच भिंत येते. शेपटी त्या भिंतीला अडते आणि अख्खं घड्याळ थांबतं. मग पुढे ढकलण्यासाठी काट्यावर जोर लावला की शेपटी वाकते, हे मात्र करू देऊ नका.

भाच्याची झोप राखायची असेल तर चावी दोन्हीकडे द्या आणि टोल्याची हातोडी दोऱ्याने मागे बांधून ठेवा. यंत्र मोजेल, आवाज होणार नाही.

माहेर_रंकाळा

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं बिघडलेलं नाही." हातोडी बांधतो.

षड्ज

वेस्टमिन्स्टरबद्दल, म्हणजे तीन भोकांच्या घड्याळातल्या त्या सुरावटीबद्दल, थोडं लिहू का? मी पेटी वाजवतो. लहानपणापासून ही सुरावट ऐकतोय पण नीट बसून कधी लिहिली नव्हती. परवा लिहून काढली. चारच स्वर आहेत: सा, रे, ग आणि खालचा प. त्यांचे पाच तुकडे:

१) ग रे सा प़
२) सा ग रे प़
३) सा रे ग सा
४) ग सा रे प़
५) प़ रे ग सा

सव्वाला पहिला तुकडा. साडेला दुसरा-तिसरा. पाऊणला चौथा-पाचवा-पहिला. तास भरला की दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा आणि मग टोले. म्हणजे सव्वा आणि पाऊण मंद्र पंचमावर लटकत राहतात, साडे आणि पूर्ण तास षड्जावर येऊन बसतात. न बघता, नुसत्या शेवटच्या स्वरावरून कळतं की गोष्ट पुरी झाली की नाही. भूपातला धैवत तेवढा काढलाय असं म्हणा. ज्याने केलं त्याला मानलं.

लंबकवाला

षड्ज, तुम्ही लिहिलंय त्यात यंत्राचीही खुबी दडलीय. तासाभरातले तुकडे मोजा: एक, दोन, तीन, चार. एकूण दहा. आणि क्रम बघा: १, २-३, ४-५-१, २-३-४-५. पाचांची तीच माळ दोनदा. म्हणून पिनांच्या ड्रमवर पाचच तुकडे कोरायचे आणि ड्रम तासात दोन फेरे घेतो. दहा तुकडे कोरायची गरज नाही. ही सुरावट मुळात केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरी चर्चसाठी १७९३ च्या सुमारास रचली गेली. लंडनच्या संसदेच्या मनोऱ्यावर १८५९ साली पोचली आणि तिकडचंच नाव चिकटलं.

एकदा का ड्रम एका तुकड्याने मागे पडला की सगळं चुकतं, सव्वाला षड्जावर येतं. नव्या यंत्रांत याचा बंदोबस्त असतो: पाऊण झाल्यावर ड्रम एका खोल खाचेत अडकतो आणि पूर्ण तासाला काट्याखालच्या कॅमचा (उंचसखल कडेच्या चकतीचा) जास्त उंच दाता आल्याशिवाय सुटत नाही. म्हणून चुकलेलं घड्याळ तासा-दोन तासांत आपणहून सुधारतं. तेवढा वेळ द्या, लगेच पेचकस काढू नका.

त्रिज्या

स्वर कसे लावायचे? हातोड्या ज्यांवर पडतात ते रॉड आणून कापायचे?

लंबकवाला

हो. एका टोकाला घट्ट धरलेल्या रॉडचा स्वर लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात. म्हणजे लांबी १ टक्का कमी केली की कंपनं जवळजवळ २ टक्के वाढतात. अर्धा स्वर चढवायला कंपनं ६ टक्के वाढायला हवीत, म्हणजे ३ टक्के कापायचं. २०० मिमीच्या रॉडला ६ मिमी. कापताना थोडं राखून कापा, मग कानसीने. घासून गरम झालेला रॉड खाली बोलतो, तेव्हा गार होऊ द्या आणि मगच ऐका. कापून खाली आणता येत नाही. जास्त कापला गेला तर बुडाशी जिथे तो बारीक केलेला असतो तिथे अजून अगदी किंचित बारीक करावा लागतो, आणि तिथेच तो तुटतो.

मोबाईलच्या ट्यूनरवर फार विसंबू नका. रॉडचा पहिला वरचा नाद मूळ स्वराच्या सुमारे सव्वासहा पट असतो, सरळ पटीत नाही. ट्यूनर गोंधळतो. घंटेसारखा आवाज येतो तो त्यामुळेच. षड्जसारखा कान शेजारी बसवा.

हातोडी ठोकून झाल्यावर रॉडपासून एक-दीड मिलिमीटर लांब उभी राहिली पाहिजे. टेकून राहिली तर टोला नाही, थप्पड ऐकू येते. तोंडावरचं चामडं सुकून दगड झालं असलं तर बदला.

सुतारपक्षी

घड्याळाच्या पेटीबद्दल मी बोलतो. निम्मा आवाज लाकडाचा. रॉडचा ठोकळा ज्या फळीवर बसतो ती एमडीएफची असेल तर तुम्ही कितीही सूर लावा, आवाज बसलेलाच. सागवान टिकतं पण जाड ठेवलं तर ठोंब्या. मी मागच्या फळीला तून लाकूड वापरतो, मिरजेचे सतारमेकर वापरतात तेच. पातळ, सुकलेलं, कडेने चौकटीत मोकळं. ठोकळा त्यावर स्क्रूने कसून, मध्ये काही नको, गोंद नको. पावसाळ्यात फळी फुगते, तिला चौकटीत हलायला जागा ठेवा, नाहीतर जुलैत फाटलीच.

शाहूपुरीकर

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आजोबांचं जपानी सेइकोशा घड्याळ भिंतीवर खाली होतं, पाण्यात बुडालं. तेव्हा घर आवरण्यात घड्याळाकडे कोण बघतंय. सुकवून माळ्यावर ठेवलं ते अजून तिथेच. काही होईल का? पेटीचे सांधे सुटलेत, तबकडी कागदाची होती ती गेली.

लंबकवाला

पितळेला काही झालं नसेल. हिरवट दिसत असलं तरी प्लेटा आणि चाकं बहुतेक वाचतात. गंजतात त्या स्प्रिंगा, पिनियनची पानं आणि चाकांच्या दांड्यांची टोकं, म्हणजे पिव्होट. चावी द्यायचा मोह टाळा. गंजलेली स्प्रिंग चावी देतानाच तुटते आणि जाता जाता चाकाचे दाते घेऊन जाते.

आधी स्प्रिंगेत काही जोर शिल्लक असेल तर तो सोडायचा. चावी लावून घट्ट धरायची, खिटी (चावीचं चाक उलटं फिरू न देणारी) बोटाने उचलायची, आणि चावी हातात थोडी थोडी घसरू द्यायची. चामड्याचे हातमोजे आणि चष्मा. जर्मन यंत्रांत स्प्रिंग बऱ्याचदा डब्यात बंद असते, ती त्यातल्या त्यात सुरक्षित. अमेरिकन आणि बऱ्याच जुन्या जपानी यंत्रांत उघडी असते. अण्णा, तुमच्यासाठीही सांगतो: उघड्या स्प्रिंगेला कडी किंवा जाड तार घातल्याशिवाय प्लेटा सुट्या करायच्या नाहीत, कुणी काही म्हणो.

मग सगळं सुटं करून आधी साध्या पाण्याने चिखल काढा, पुराचा गाळ फार बारीक असतो, तोच पुढे भोकं खातो. मग साबण आणि थोडा अमोनिया घातलेलं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. वळवलेल्या, ताण असलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, कारण घोड्यांच्या मुताचा अमोनिया. म्हणून धुवून लगेच हेअर ड्रायरने सुकवा. भोकं टोकदार लाकडी काडीने पिळून साफ करायची, काडी पांढरी बाहेर येईपर्यंत. यात एक अख्खी संध्याकाळ जाते आणि तीच खरी दुरुस्ती आहे.

पिव्होटवर गंजाचे खड्डे असले तर लेथवर फिरवून घासून, घोटून चकचकीत करावे लागतात. तेवढं काम मात्र जाणत्याकडून करून घ्या. अंडाकृती झालेल्या भोकांना नवं बुश.

सुतारपक्षी

सांधे सुटले ते बरंच झालं म्हणा. जुन्या पेट्या सरसावर जोडलेल्या असतात. सरस पाण्यात विरघळतो, म्हणून लाकूड न फाटता सुटं होतं. गरम पाण्याने उरलेला सरस पुसा आणि पुन्हा सरसच लावा. पांढरा फेविकॉल लावला की पुढच्या वेळी सांधा सुटत नाही, लाकूडच तुटतं. पुढची वेळ येऊ नये, पण आपण पंचगंगेच्या काठी राहतो.

शाहूपुरीकर

😄 खरंय. रविवारी माळ्यावरून काढतो. तेल कोणतं घालू?

माहेर_रंकाळा

आमच्याकडे खोबरेल घालायचे.

लंबकवाला

खोबरेलाने कोल्हापुरातली जेवढी घड्याळं बंद पडली तेवढी दुसऱ्या कशाने नाही. ते २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या सकाळी घड्याळ थांबतं, दुपारी उन्हं आली की चालू होतं, आणि घरचे म्हणतात थंडीत घड्याळ आजारी पडतं. पुढे ते खवट होऊन लाखेसारखं चिकटतं. गंज सोडवायचे फवारेही नकोत, ते उडून जातात आणि मागे चिकट थर ठेवतात. घड्याळाचं सिंथेटिक तेल घ्या, छोटी बाटली जन्मभर पुरते. फक्त पिव्होटच्या खळग्यात, सुईच्या टोकावर मावेल एवढं. खळगा निम्मा भरला की पुरे, ओघळलं तर सगळं तेल प्लेटेवर पसरतं आणि भोक कोरडं राहतं. एस्केपमेंटच्या पॅलेटवर (एस्केप चाकाला अडवणाऱ्या नखांवर) पुसट हात. चाकाच्या दात्यांना तेल अजिबात नको. तिथे धूळ चिकटते आणि पितळेत रुतलेली धूळ लोखंडी पिनियनला पॉलिश पेपरसारखी घासते. आपलं डोकं म्हणतं पितळ मऊ म्हणून पितळ झिजेल. प्रत्यक्षात पिनियन झिजतो.

त्रिज्या

वेळ मागे-पुढे होते ती कशी लावायची?

लंबकवाला

आधी चाल ऐका. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. टिक-टॉक… टिक-टॉक असं लंगडत असेल तर ते घड्याळ कधी ना कधी थांबणारच. पेटी लेव्हलमध्ये आहे की नाही याला अर्थ नाही, चाल सारखी हवी. पेटी जराशी तिरकी करून चाल सारखी होत असेल तर तूर्त तशीच ठेवा, नंतर लंबकाची काडी ज्या पट्टीत अडकते ती वाकवून दुरुस्त करा.

मग लंबकाखालचा नट. वर नेला की पळतं, खाली आणला की रेंगाळतं. एक मीटरच्या लंबकाला १ मिमीने दिवसाला सुमारे ४३ सेकंदांचा फरक. २५ सेंटिमीटरच्या भिंतीवरच्या लंबकाला जवळजवळ तीन मिनिटांचा. म्हणून छोट्या घड्याळाला नट पाव फेरा फिरवून एक पूर्ण दिवस थांबा. तासाभराने बघून पुन्हा फिरवणारे कधीच जुळवत नाहीत. लोखंडी काडीचं घड्याळ दर अंश तापमानाला दिवसाला सुमारे अर्धा सेकंद रेंगाळतं, तेव्हा मे महिन्यात लावलेलं डिसेंबरात दिवसाला काही सेकंद पुढे पळालं तर त्याला दोष देऊ नका.

अण्णा_मंगळवारपेठ

लंबकवाले, सांगितलं तसं केलं. तास काटा सातावर नेला, पुढं फिरवत आणलं. आता बरोबर वाजतंय. डावी चावी पूर्ण दिली. पर एक हाय, टोले लई सावकाश पडत्यात. दहा वाजायचं म्हटलं की मधी चा करून येतंय माणूस.

लंबकवाला

ते जुनं घट्ट तेल, अण्णा. टोल्यांच्या रांगेत शेवटी एक पंखा असतो, हवेला अडून वेग आवरतो. त्याची दांडी सर्वात बारीक, तिथे मळ साचला की सगळी रांग जडावते. दहा टोल्यांना पंधरा सेकंदांच्या फार पुढे जाऊ नये. आता वरून तेल सोडू नका, आतला मळ पातळ होऊन पुढच्या भोकांत जाईल. यंत्र पेटीतून काढून मागची प्लेट दिसेल असा फोटो टाका. पंख्याच्या बाजूचं भोक गोल आहे की लांबट ते जरा जवळून घ्या, मग ठरवू उघडायचं की नाही.